शंभरात चौपन्न

“सर, सतरा नंबरचं वजन कमी भरतंय,” मी म्हणाले.

“कमी म्हणजे? धूर कमी?” डॉ. सबनीसांनी काचेपलीकडून विचारलं.

“धूर नाही, चकतीच कमी भरतेय. घोटवणला नेली तेव्हा होती त्यापेक्षा आता हलकी आहे.”

ते आत आले. वजनखोलीत चपला काढून यायचं असा नियम होता. तो मीच केला होता, त्यामुळे प्रकल्पाचे संचालक मोज्यांवर उभे राहून तराजूत डोकावले.

चकती म्हणजे जुन्या रुपयाएवढा पांढरा, पातळ गोल पडदा. तो एका डबीत बसवायचा, डबी एका छोट्या पंपाला जोडायची आणि पंप स्वयंपाकघरात चुलीपासून दोन हातांवर चोवीस तास टांगून ठेवायचा. पंप हवा ओढतो, हवेतला धूर चकतीवर बसतो. आधीचं वजन आणि नंतरचं वजन यांची वजाबाकी केली की धूर कळतो. ही वजाबाकी दुसरीतल्या मुलाला येते. तिचं उत्तर उणे यायला मात्र एम. एस्सी. व्हावं लागतं.

चोवीस तास चुलीशेजारी राहून ती चकती बारीक झाली होती. पुण्यातल्या बायका त्याच कामासाठी तेव्हा पहाटे उठून टेकडीवर जात होत्या.

“शून्य धरा,” सर म्हणाले.

“पण सर, उणे आलंय. म्हणजे कुठेतरी चूक आहे.”

“शून्याच्या खाली गेलेलं सगळं शून्यच असतं, वाळिंबेबाई. घर स्वच्छ. मर्यादेच्या खाली. पुढे चला, शुक्रवारी यादी जायची आहे.”

ही गोष्ट दोन हजार एक सालच्या डिसेंबरातली. मी सव्वीस वर्षांची होते, आणि आमच्या प्रकल्पाचं नाव इतकं लांब होतं की ते वाचून होईपर्यंत एक भाकरी भाजून व्हायची. पाटण तालुक्यातल्या घोटवण या डोंगरातल्या गावात दोन वर्षांखालची मुलं असलेली चौसष्ट घरं आम्ही निवडली होती. ज्या घरात धूर ठरलेल्या मर्यादेच्या वर भरेल, त्या घराला गॅसची शेगडी आणि दोन वर्षं भरलेली टाकी मिळणार होती. ज्या घरात मर्यादेच्या खाली भरेल, त्या घराला आभाराचं पत्र.

सतरा नंबर हे मालन झोरेचं घर. तिचा नवरा मुंबईला माथाडीत. घरात ती, तिची सासू बयाबाई आणि पंधरा महिन्यांची पूनम. पूनम त्या वर्षात दोनदा न्यूमोनियाने तालुक्याच्या दवाखान्यात राहून आली होती. दुसऱ्या खेपेला मी तिथे होते. डॉक्टरांनी मालनला सांगितलं, “तिसऱ्यांदा आणलीत तर मी खात्री देणार नाही. घरातला धूर बंद करा.” तसं त्यांनी चिठ्ठीवर लिहूनही दिलं. ‘दिवसातून तीनदा, जेवणानंतर’ एवढंच घालायचं राहिलं होतं.

आणि आता आमच्या तराजूने त्या घराला आभाराचं पत्र मंजूर केलं होतं.

मी पंपाची नोंद काढली. पंप किती वेळ चालला हे त्याच्यावरच उमटतं. सतरा नंबरचा तेवीस तास आठ मिनिटं चालला होता. बावन्न मिनिटं कमी. मग मी बाकीचे पाहिले. आणखी दहा पंप असेच अर्ध्या ते पाऊण तासाने कमी होते, आणि त्या दहाही घरांच्या चकत्या मर्यादेच्या खाली होत्या. चिमट्याने मी सतरा नंबरची चकती नाकाजवळ नेली. धुराचा वास नव्हता. दुसराच कसला तरी होता, लहानपणापासून ओळखीचा, पण आठवेना.

“फेरमोजणी करू या का?” मी विचारलं.

“कलम आठ वाचा.”

कलम आठ मला पाठ होतं. उपकरणाचा किंवा अन्वेषकाचा, म्हणजे मोजणाऱ्याचा, दोष सिद्ध झाला तरच फेरमोजणी. कलम सातही पाठ होतं. घरच्यांनी नमुन्याला हात लावल्याचं आढळलं तर ते घर अभ्यासातून कायमचं वगळायचं. दोन्ही मीच लिहिली होती, आणि सरांनी बैठकीत सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं की वाळिंबेबाईंनी पळवाट म्हणून ठेवली नाही.

“उद्या जीप उरलेले पंप आणायला जाते आहे. मी जाऊ?”

“जा. पण येताना आकडा आणा. कणव आणू नका, तिला रकाना नाही.”

* * *

घोटवण त्या वर्षी ग्रामस्वच्छतेच्या स्पर्धेत उतरलं होतं. शाळेच्या भिंतीवर घोषणा होत्या, उकिरडे गावाबाहेर गेले होते, आणि गावच्या समितीने प्रत्येक दारावर त्या घराचे मार्क खडूने लिहिले होते. मालनच्या दारावर शंभरापैकी ब्याण्णव होते. वाडीत पहिला नंबर. अंगण असं सारवलेलं की पाय ठेवायला संकोच वाटावा. भांडी आरशासारखी. आत शिरल्यावर मात्र दोन मिनिटं काही दिसलं नाही, कारण ब्याण्णव मार्क देणाऱ्या समितीने हवेला मार्क ठेवले नव्हते. एकच खोली. खिडकीला थंडीसाठी पोतं ठोकलेलं. चुलीत ओलसर काटक्या, आणि चुलीपुढे बयाबाई फुंकणी घेऊन.

“आल्या का यंत्रवाल्या बाई,” त्या म्हणाल्या. “आता काय जोखायचं ऱ्हायलं?”

“आजी, यंत्र टांगलं त्या दिवशी चूल रोजच्यासारखी पेटवली होती ना?”

“मग? यंत्र आलं म्हनून आमी उपास धरायचा व्हय?”

“धूर रोजच्यासारखाच होता?”

“चुलीतनं धूर न्हाय तर काय अत्तर येतंय?”

मला खोकला आला. बयाबाईंना त्याची गंमत वाटली.

“तुमच्या पुण्याच्या छातीला सोसंना व्हय? माझी सा पोरं झाली ह्या धुरात.”

“सगळी मोठी झाली?”

“दोन झाली की.” त्यांनी फुंकणीतून एक फुंकर मारली आणि मग बराच वेळ खोकत राहिल्या.

मालन कोपऱ्यात पूनमला मांडीवर घेऊन बसली होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. एरवी मी आले की आधी पाट मांडायची, मग बोलायची. आज पाटही नाही.

“मालनताई, पुनीला जरा दारात आणता?”

उजेडात तिने पोरीचं अंगडं वर केलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची जागा आत ओढली जात होती. मी घड्याळ काढलं आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणारी माणसं असतात, मी त्यांतली नव्हते.

“किती आलं?” मालनने हळूच विचारलं.

“चौपन्न.”

तिचा चेहरा एकदम सैल झाला. “शंभरातनं?”

मला आधी कळलंच नाही.

“बरं हाय की मग,” ती म्हणाली. “गेल्या खेपंला त्रेचाळीस आलं व्हतं. वाढलं.”

दाराच्या फळीवर, तिच्या डोक्याच्या वर, ब्याण्णव लिहिलेलं होतं. मी तीन महिने त्या घरी येऊन तिच्या मुलीचे श्वास मोजत होते, आकडा स्वच्छ अक्षरात वहीत लिहीत होते, आणि आकडा मोठा असणं चांगलं की वाईट एवढी एक क्षुल्लक गोष्ट तिला सांगायची राहून गेली होती. वहीत त्याला रकाना नव्हता.

“मालनताई, हे मार्क नाहीत. हे कमी असावे लागतात. चाळीसच्या वर गेले की काळजी. चौपन्न म्हणजे आत्ताच्या आत्ता दवाखाना.”

मालन उठली, पोरीला शालीत गुंडाळलं आणि जीपकडे चालू लागली. चपला घरातच राहिल्या.

“च्या तरी घिऊन जावा,” बयाबाई आतून म्हणाल्या.

* * *

दवाखान्यात पोहोचायला दीड तास लागला. डॉक्टरांनी आधीच सांगितल्याप्रमाणे खात्री दिली नाही, पण प्राणवायू लावला, इंजेक्शन दिलं आणि आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं. समोरच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ असं लिहिलं होतं. आम्ही ती राखली, अर्धा तास.

मग मालन म्हणाली, “बाई, यंत्राला हात लावला की त्ये कोपतं का?”

“यंत्र कोपत नाही.”

“मग पुनीला असं का झालं?”

“तुम्ही हात लावला होता?”

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“तुमी म्हनला व्हता, यंत्राला हात लावायचा न्हाय. म्या यंत्राला न्हाय लावला. निस्ती ती टिकली काढली.”

“चकती?”

“व्हय. दुपारपातूर काळीकुट्ट झाली व्हती, बाई. एवढी पांढरी वस्तू तुमी माझ्या घरात ठिवली आन् तिचा असा रंग. बटन बंद केलं, डबी फिरवून उघाडली, टिकली धुतली, पदरानं टिपली, तव्याच्या उबंला वाळवली, परत बसावली आन् बटन चालू केलं. सांजच्याला परत काळी. परत धुतली. सकाळी तुमी यायच्या आदी येकदा.”

तीन वेळा. प्रत्येकी सतरा मिनिटं, फार तर अठरा. बावन्न मिनिटांचा हिशेब जुळला.

“कशाने धुतली?”

“रिठ्यानं.” ती जरा दुखावली. “साबनानं खराब झाली असती न्हवं? सोनं धुत्यात तशी धुतली, बोटाच्या टोकानं. काय झालं का तिला?”

रिठा. आजी लग्नसराईच्या आधी पाटल्या धुवायची त्याचा वास. धुराबरोबर पडद्याचे तंतूही धुतले गेले होते, म्हणून वजन उणे. मला तो कळला याचा आनंद व्हायला हवा होता.

“पण धुवायची कशासाठी?”

“सायबानी सांगितलं की सभंत. ज्येंची काळी इल त्येंची नावं वाचून दाखवनार. सगळ्या गावाम्होरं. माझं ब्यान्नव मार्क हायत, बाई. काळ्या घरात माझं नाव वाचलं असतं तर मी गावात तोंड कुठं दावलं असतं?”

सरांनी खरंच तसं सांगितलं होतं. ज्यांच्या चकत्या काळ्या येतील त्यांची नावं जाहीर करण्यात येतील, एवढंच. जाहीर झाल्यावर काय मिळणार, ते सांगितलं नव्हतं. कारण ते सांगायचं नाही असं ठरलं होतं. गॅस मिळणार हे आधी कळलं तर लोक मुद्दाम धूर करतील आणि आकडे खोटे येतील. ही सूचना कुणाची होती, हे आतापर्यंत वाचकांनी ओळखलं असेल. लोक आपल्याला फसवतील याचा मी सगळ्या बाजूंनी विचार केला होता. एखादी बाई आपल्या मुलीच्या छातीतला धूर रिठ्याने धुऊन आम्हाला पांढराशुभ्र परत करील, ही एकच बाजू राहिली होती.

“तुम्ही एकट्यांनीच धुतली?” मी विचारलं.

पदराचं टोक परत बोटाला गुंडाळलं गेलं.

“मालनताई, रागावणार नाही.”

“रिठ्याचं झाड आमच्याच परड्यात हाय,” ती म्हणाली. “कुनी मागितलं तर न्हाय कसं म्हनायचं?”

आणखी दहा पंप. दहा घरं. मी एकेक आठवत गेले. सगळी दारावर ऐंशीच्या वर मार्क असलेली. आमच्या अभ्यासात धुरापासून मुक्त ठरलेली ही घरं फक्त गावातल्या सगळ्यात नेटक्या बायकांची होती. ज्यांना फारशी फिकीर नव्हती, त्यांच्या चकत्या काळ्या आल्या होत्या आणि त्यांना गॅस मिळणार होता.

मी पिशवीतून अहवालाचे कोरे अर्ज काढले. खरं लिहिलं तर कलम सात, अकरा घरं बाहेर. काहीच लिहिलं नाही तर शून्य, अकरा घरांना आभाराचं पत्र. पळवाट ठेवलेली नव्हती. मी ते काम चोख केलं होतं.

मी पेनाचं टोपण काढलं. नमुना क्रमांक सतरा: वजनापूर्वी हाताळताना अन्वेषकाच्या हातून पाण्यात पडला, निकाल ग्राह्य धरू नये. खाली सही, सुनीती वाळिंबे. तोपर्यंत मी आयुष्यात एकाही आकड्याचा शेवटचा अंकसुद्धा हलवला नव्हता. कॉलेजात प्रयोगाचं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही तर सगळे जुळवून घ्यायचे, मी चुकलेलं तसंच लिहायचे आणि कमी मार्क घ्यायचे. त्याचा मला बऱ्यापैकी गर्व होता.

मग मी दुसरा अर्ज घेतला. मग तिसरा. त्या दुपारी तालुक्याच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून मी अकरा चकत्या पाण्यात पाडल्या.

“काय लिवताय एवढं?” मालनने विचारलं.

“चुका.”

“माझ्या?”

“माझ्या.”

तिने अर्जांचा गठ्ठा पाहिला. “येवढ्या?”

“अजून एक राहिली,” मी म्हणाले आणि अकरावी सही केली.

आतून परिचारिका आली. पोरगी दूध मागत होती म्हणे. डॉक्टरांनी अजूनही खात्री दिली नव्हती, पण मालनला आत बोलावलं.

* * *

“अकरा?” सबनीस सरांनी शुक्रवारी सकाळी विचारलं.

“हो सर.”

“एकदम?”

“नाही. एकापाठोपाठ एक.”

“आणि दर वेळी खाली पाणी होतं.”

“हो.”

“वजनखोलीत पाणी न्यायचं नाही, असा नियम आहे.”

“तो मीच केला होता, सर.”

सरांनी पंपांच्या नोंदींची वही ओढली आणि चाळली. त्या अकरा वेळांवर त्यांचं बोट एकेक करून थांबलं. ते मूर्ख नव्हते. फक्त संचालक होते. त्यांनी वही मिटली, चष्मा काढला आणि पुसला.

“याचं काय होईल याची कल्पना आहे?”

“आहे.”

“मी लेखी समज देणार. ती फायलीत राहणार. वजनखोलीत तुम्ही पुन्हा पाय ठेवायचा नाही. आणि शोधनिबंधावर तुमचं नाव…”

“राहणार नाही.”

“कलम आठ,” ते म्हणाले आणि फेरमोजणीच्या अर्जावर सही केली. “यादीला एक आठवडा मुदत घेतो. पंप तुम्हीच टांगून या. पाण्यापासून लांब.”

फेरमोजणीला मी दहा घरांत प्रत्येकीला एकच वाक्य सांगितलं, “या खेपेला जी धुईल तिचे मार्क कापले जातील.” कुणी का म्हणून विचारलं नाही. मार्कांच्या बाबतीत ते गाव फार शिस्तीचं होतं. अकराव्या घरात मालन नव्हती, ती पोरीजवळ दवाखान्यात होती.

“आजी, ही टिकली धुवायची नाही,” मी बयाबाईंना सांगितलं.

“मी कशापायी धुयाला बसलीय? तुमची टिकली, तुमी धुवा.”

अकराही चकत्या काळ्या आल्या. सतरा नंबर मर्यादेच्या नऊपट होता. ते वजन दुसऱ्या कुणीतरी केलं, मी काचेच्या बाहेर उभी राहून ऐकलं. नावं गावच्या सभेत वाचून दाखवली गेली. स्वच्छ घरांतल्या अकरा बायका मान खाली घालून बसल्या, आणि शेवटी गॅसचं कळलं तेव्हा त्यांतल्या दोघी रागावल्या, की हे आधी सांगायला काय झालं होतं. त्यांचं बरोबर होतं.

शोधनिबंध पुढे एका मोठ्या नियतकालिकात आला. त्यात शेवटी, जीपचा चालक आणि फलाहाराची सोय करणारे सरपंच यांच्या मध्ये, माझे आभार मानलेले आहेत. संस्थेत नव्या मुलांना नमुने कसे हाताळू नयेत हे शिकवताना कितीतरी वर्षं माझं उदाहरण देत असत. नाव घेत नसत, ‘आमच्या एक बाई होत्या’ असं म्हणत. एकदा मीच पाहुणी वक्ता म्हणून गेले होते तेव्हा एका मुलीने मला ते सांगितलं. आम्ही दोघी हसलो.

* * *

वजनखोलीतून काढलेल्या माणसाला गावोगाव हिंडायचं काम देतात. फेब्रुवारीत मी पाहणीसाठी घोटवणला गेले. पूनम दवाखान्यातून पाच दिवसांनी घरी आली होती, पण छातीत अजून शिट्टी वाजत होती. मी मोजले. अडतीस.

मालनचा गॅस घराच्या उत्तम कोपऱ्यात, सारवलेल्या ओट्यावर होता. टाकीला हळदीकुंकू. शेगडीवर लोकरीने विणलेलं झाकण, कडेला लाल झालर. शेजारी चूल पेटलेली होती आणि खोलीत दोन मिनिटं काही दिसत नव्हतं.

“मालनताई, गॅस?”

“हाय की. पावनं आलं की लावते.” ती झाकणाची झालर सरळ करत म्हणाली. “रोजच्याला लावला तर तेल उडून खराब व्हईल. केवढी चकचकीत हाय बगा.”

“आन् गॅसवरची भाकरी पोटात गुबारा धरती,” बयाबाई म्हणाल्या.

माझ्या पिशवीत धुराच्या दुष्परिणामांची रंगीत पत्रकं होती. तीस. मी ती तिथेच ठेवली आणि खाली बसले.

“मी पाहुणी आहे का?”

“असं काय इचारता, बाई? पावनीच की.”

“मग मला चहा नको. मी जेवून जाते.”

तिने लोकरीचं झाकण काढलं, घडी घातली, कपाळाला लावली आणि बाजूला ठेवलं. काडी ओढली. बयाबाईंनी शेगडीकडे पाठ केली.

त्या उन्हाळ्यात मी घोटवणला आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा जात होते. पाहणीला तेवढ्या खेपांची गरज नव्हती, पण माझ्यासारख्या निष्काळजी बाईच्या खेपा कोण मोजणार? मी प्रत्येक वेळी जेवायला थांबले. कधी सकाळी पोहोचून न्याहारी मागितली, कधी माझ्याबरोबर परिचारिकेला आणलं. नाचणीची भाकरी, आमटी, कांदा. प्रत्येक खेपेला झाकण निघायचं, घडी व्हायची, परत चढायचं.

“ह्या बाईला घरी जेवान घालीत न्हाईत का कुनी?” बयाबाईंनी एप्रिलमध्ये, मी समोर असताना, सुनेला विचारलं.

“गप बसा, आत्याबाई. ऐकतील.”

“ऐकू दे. ऐकली म्हंजी जाईल.”

मी आणखी एक भाकरी घेतली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गेले तेव्हा झाकण शेगडीवर नव्हतं. ते खुंटीवर होतं आणि त्यात कांदे भरले होते. मालनच आपणहून म्हणाली, “सारखं काढा, घाला. कट्टाळा आला. उघडंच ठिवलं. आन् उघडं हाय तर मग सकाळच्याला कोन फुकनी घिऊन बसनार?” चूल होती, अंघोळीच्या पाण्यापुरती, मागच्या पडवीत. खिडकीवरचं पोतं निघालं होतं. बयाबाई दारात बसून हरभरे निवडत होत्या आणि गॅसवरच्या भाकरीने पोटात काय काय होतं ते सांगत होत्या. त्यासाठी त्यांना मध्ये खोकायला थांबावं लागलं नाही.

पूनम हरभऱ्यांच्या सुपात बसली होती. मी तिला उचललं, अंगडं वर केलं. बरगड्यांखाली काही ओढलं जात नव्हतं. घड्याळ काढून पूर्ण एक मिनिट मोजले. मालन भाकरी थापता थापता थांबली होती.

“किती आलं?”

“बत्तीस.”

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

“पस्तिसाला पास असतंय,” ती म्हणाली. “नापास झाली म्हना की पोरगी.”

“आईवर गेली,” बयाबाई दारातून म्हणाल्या.

मी पुन्हा एक मिनिट मोजले. बत्तीसच.